देशोदेशीचा हवामान बदल अभ्यासायचाय? आधी एक बांध निवडा

मी पहिल्यांदा या विषयात पडलो तेव्हा एक तक्ता केला होता. उभ्या यादीत बारा देश, समोरच्या रकान्यांत तापमान, पाऊस, समुद्रपातळी, उत्सर्जन आणि शेवटचा रकाना 'उपाय'. महिनाभर रात्री बसून भरला. डेन्मार्क: पवनचक्क्या. कोस्टा रिका: जंगल. नेदरलँड्स: बांध. बांगलादेश: तरंगती शेती. तक्ता देखणा झाला. एका ज्येष्ठ स्नेह्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "बरं, पण तुला शोधायचं काय होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुमचा तो महिना वाचावा म्हणून हे लिहितोय. तुम्ही महाविद्यालयात असाल, शाळेत शिकवत असाल किंवा नुसतं कुतूहल असेल, तरी हे जमेल. विज्ञानाची पदवी लागत नाही. बेताचं इंग्रजी, एक वही आणि दोन-तीन महिने शनिवारच्या सकाळी मोकळ्या असल्या म्हणजे झालं.

पायरी १: प्रश्न एक, जागा दोन

'हवामान बदलाचे जगावरील परिणाम' हे ग्रंथालयाच्या कपाटावर चिकटवायचं नाव आहे. त्याचा अभ्यास करता येत नाही. अभ्यासाला प्रश्न लागतो आणि तो इतका अरुंद असावा की आपलं उत्तर चुकलं तर ते चुकलं हे कळावं. 'जकार्ता बुडतंय ते समुद्र चढतोय म्हणून, की भूजल उपसून जमीन खचतेय म्हणून?' हा चांगला प्रश्न आहे. '२००३च्या उन्हाळ्यानंतर फ्रान्सने आणि २०१०च्या लाटेनंतर अहमदाबादने उष्णतेचा आराखडा केला. दोघांनी सर्वांत आधी कोणाच्या दारावर थाप मारली?' हाही चालेल.

जागा निवडायच्या दोन रीती आहेत. एकच संकट, पण खिसा वेगळा असे दोन देश घ्यायचे, ही नेहमीची रीत. दुसरी रीत म्हणजे एकच उपाय, पण माती वेगळी. नवखी माणसं पहिली घेतात. माझं मत विचाराल तर दुसरी घ्या, कारण तिच्यात उपायाचं पितळ उघडं पडतं.

या लेखात मी उदाहरणादाखल एकच प्रश्न धरून पुढे जाणार आहे: भरतीचं पाणी येणारी सखल जमीन बांध घालून वाचवली, तर पुढच्या पन्नास वर्षांत त्या जमिनीचं काय होतं? जागा दोन: नेदरलँड्सचा नैर्ऋत्य किनारा आणि बांगलादेशचा नैर्ऋत्य कोपरा, म्हणजे खुलना, जेसोर, सातखिरा हा भाग. दोन्ही त्रिभुज प्रदेश, दोन्ही सपाट, दोन्हीकडे बांध.

शिवाय एक तिसरी, ओळखीची जागा मनात ठेवा. तिचा अभ्यास करायचा नाही, ती फक्त ताळा करायला. माझ्यापुरती ती गोव्यातली खाजणं आहेत: खाडीकाठी मातीचे बांध, त्यात पाणी आत-बाहेर सोडणारी लाकडी दारांची मानस, आत मिठाला दाद न देणारं कोरगूट भात, पाण्यात मासळी. परदेशातली गोष्ट आपण कागदावरून मुकाट मान्य करतो. घरच्या जागेला मात्र बांध कोण दुरुस्त करतं आणि कोण करत नाही, हे आपल्याला ठाऊक असतं. तीच शंका परदेशाबद्दल घेता आली पाहिजे.

पायरी २: शब्द घासून घ्या

इथे मराठीची एक खास अडचण आहे. आज पाऊस पडेल का हे सांगणारं 'हवामान खातं' आणि शंभर वर्षांचा 'हवामान बदल', दोन्हीकडे शब्द एकच. सरकारी विभागाने 'वातावरणीय बदल' असा शब्द घेतला, तो बोलण्यात काही रुळला नाही. तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: रोजची ती हवा, निदान ३० वर्षांची सरासरी ते हवामान. सध्या तुलनेसाठी १९९१ ते २०२० ही तीस वर्षं धरतात. एका अवकाळी पावसावरून हवामान बदललं म्हणणारा आणि एका थंड डिसेंबरवरून ते बदललंच नाही म्हणणारा, दोघेही एकच चूक करतात.

दुसरा शब्द जोखीम. शास्त्रज्ञ तिचे तीन तुकडे करतात. मी ते असे लक्षात ठेवतो: काय येतंय, वाटेत कोण आहे, आणि त्याला किती तग धरता येईल. वादळ हा पहिला तुकडा. किनाऱ्यावरची वस्ती दुसरा. त्या वस्तीत पक्कं घर, रस्ता, रेडिओ, बँकेत चार पैसे आहेत का, हा तिसरा. हवामान बदल मुख्यतः पहिल्या तुकड्यावर काम करतो, पण मृत्यूचा आकडा तिन्हींच्या गुणाकाराने ठरतो. हे एवढं पक्कं झालं की अर्धी वर्तमानपत्री विधानं आपोआप गळून पडतात.

तिसरी जोडी शमन आणि अनुकूलन. धूर कमी करणं ते शमन. जे होतंय त्याच्याशी जुळवून घेणं ते अनुकूलन. आपला बांध दुसऱ्या खात्यात येतो. जुळवून घेतानाच नुकसान वाढलं, तर त्यालाही एक जडजंबाल पारिभाषिक शब्द आहे. आपल्याकडे त्याला आगीतून फुफाट्यात म्हणतात. तेवढं पुरे.

स्थानिक शब्दही गोळा करा. शोधयंत्रात इंग्रजी टाकलं की देणगीदार संस्थांचे अहवाल येतात, स्थानिक शब्द टाकला की तिथली वर्तमानपत्रं. बंगालीत बांधाला 'बाँध'च म्हणतात. पाणथळ सखल भागाला 'बिल', भरती-ओहोटीला 'जोआर-भाटा', शेतात पाणी तुंबून राहण्याला 'जलाबद्धता'. मराठी माणसाला हे निम्मं कळलेलंच असतं, अनुवादयंत्र फक्त उरलेल्या निम्म्यासाठी. डच मात्र यंत्राशिवाय जमणार नाही. तिथे 'पोल्डर' हा एक शब्द पाठ करा: चारी बाजूंनी बांध घालून, आतलं पाणी काढून टाकून लागवडीला आणलेला तुकडा.

पायरी ३: वाचन कुठून सुरू करायचं

आयपीसीसीपासून. ही १९८८ साली जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी मिळून स्थापन केलेली समिती. ती स्वतः प्रयोग करत नाही, झालेलं संशोधन तपासून त्याचा निचोड काढते. तिच्या सहाव्या अहवालाचे खंड २०२१ ते २०२३ या काळात आले आणि सगळे फुकट उतरवून घेता येतात.

हा अहवाल पहिल्या पानापासून वाचायला घेतलेला एकही माणूस मी शेवटपर्यंत पोहोचलेला पाहिलेला नाही. परिणाम आणि अनुकूलन हा विषय दुसऱ्या खंडात आहे, २०२२चा. त्यात दहावं प्रकरण आशियाचं, तेरावं युरोपचं, पंधरावं लहान बेटांचं. तुमच्या प्रदेशाच्या प्रकरणाला जोडलेले नेहमीचे प्रश्न आधी वाचा, ते साध्या भाषेत असतात. मग प्रकरणाचा सारांश. मग फक्त तुमच्या प्रश्नाचा भाग. धोरणकर्त्यांसाठीचा जो सारांश असतो, तो सगळ्या देशांचे प्रतिनिधी बसून ओळ न् ओळ मंजूर करतात. त्यामुळे तो फार जपून लिहिलेला असतो. नेमका तपशील प्रकरणातच सापडतो.

वाचताना तिरक्या अक्षरांतले शब्द सोडू नका. या अहवालांत 'शक्य' (likely) म्हणजे ६६ टक्क्यांहून जास्त, 'बहुतांशी शक्य' (very likely) म्हणजे ९० टक्क्यांहून जास्त आणि 'जवळजवळ निश्चित' (virtually certain) म्हणजे ९९ टक्क्यांहून जास्त, असं मोजून ठरलेलं असतं. मराठीत बातमी येते तोवर हे शब्द गळालेले असतात आणि उरतं ते 'शास्त्रज्ञांचा इशारा'.

आता याची दुसरी बाजू, आणि ती नेमकी आपल्याच उदाहरणावर बेतलेली. २००७च्या चौथ्या अहवालात छापलं होतं की नेदरलँड्सचा ५५ टक्के भाग समुद्रसपाटीखाली आहे. खरा आकडा २६ टक्के. आणखी २९ टक्के भागाला नदीच्या पुराची भीती आहे. दोन वेगळे आकडे बेरीज होऊन एकाच वाक्यात शिरले होते. त्याच अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५पर्यंत नाहीशा होतील असंही एक विधान निघालं, त्याला धड शास्त्रीय आधार नव्हता, आणि २०१०च्या जानेवारीत समितीला ते मान्य करावं लागलं. हजारो पानांत दोन चुका म्हणजे अहवाल टाकाऊ झाला असं नाही. पण आकडा उतरवून घेताना तो जिथून आला त्या मूळ जागेपर्यंत एकदा तरी जाऊन या.

यानंतर देशांचे स्वतःचे कागद. पॅरिस करारानुसार प्रत्येक देश आपण काय करणार हे लिहून देतो, त्याला एनडीसी म्हणतात. अनुकूलनाचे राष्ट्रीय आराखडे वेगळे असतात. दोन्ही संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावर आहेत. बांगलादेशने २०१८ साली 'डेल्टा प्लॅन २१००' मंजूर केला, तो डच मदतीने तयार झालेला. डच सरकार दरवर्षी सप्टेंबरमध्ये अर्थसंकल्पासोबत पाण्याचा डेल्टा कार्यक्रम मांडतं. हे वाचताना एकच भान ठेवा, ही वचनं आहेत. काय घडलं ते लेखापरीक्षणात आणि स्थानिक वर्तमानपत्रात सापडतं.

पायरी ४: आकड्याला तीन प्रश्न विचारा

कोणी मोजलं, काय मोजलं, काय मोजायचं राहिलं.

उत्सर्जनाचं उदाहरण सोपं आहे. देशाचा एकूण आकडा, माणशी आकडा आणि आजवरची बेरीज या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. भांडणं बहुधा एकाने पहिली आणि दुसऱ्याने तिसरी धरल्यामुळे होतात. आज सर्वांत जास्त कार्बन डायऑक्साइड चीन सोडतो; आजवरच्या बेरजेत जवळजवळ पाव वाटा अमेरिकेचा आहे. माणशी पाहिलं तर भारत वर्षाला दोन टनांच्या आसपास, नेदरलँड्स सहा-सात टन, आणि बांगलादेश एका टनाच्याही आत. हे आकडे 'अवर वर्ल्ड इन डेटा'वर देशनिहाय मिळतात.

आपत्तींसाठी बेल्जियममधल्या लूव्हँ विद्यापीठाचा ईएम-डॅट हा संग्रह वापरतात. त्यात नोंद व्हायला दहा मृत्यू, शंभर बाधित, आणीबाणीची घोषणा किंवा बाहेरच्या मदतीची हाक, यांतलं एक तरी लागतं. आता विचार करा, शेतात दरवर्षी थोडं थोडं मीठ चढत गेलं तर? कोणी मरत नाही, आणीबाणी नाही. नोंदही नाही. आफ्रिकेतल्या उष्णतेच्या लाटा या संग्रहात जवळपास दिसतच नाहीत. तिथे लाटा येत नाहीत म्हणून नव्हे, मोजायला कोणी नाही म्हणून.

बांगलादेशच्या चक्रीवादळांची रांग लावा. नोव्हेंबर १९७०चं भोला वादळ, निदान तीन लाख मृत्यू. एप्रिल १९९१, सुमारे १ लाख ४० हजार. नोव्हेंबर २००७चं सिद्र, सुमारे ३,४००. मे २०२०चं अंफान, तिशीच्या आत. यावरून वादळं मवाळ झाली असा निष्कर्ष काढाल तर साफ चुकाल. पायरी २ आठवा, बदललाय तो तिसरा तुकडा. १९७२ साली तिथे चक्रीवादळ पूर्वतयारीचा कार्यक्रम सुरू झाला. आज त्याचे पाऊण लाखाच्या आसपास स्वयंसेवक आहेत, त्यात निम्म्या बायका. झेंडे आणि भोंगे घेऊन ते गावोगाव फिरतात. अंफानच्या आधी वीस लाखांहून जास्त माणसं हलवली गेली. मात्र हा आकडा एवढंच सांगतो की माणसं वाचली. बांध फुटून शेतात खारं पाणी किती महिने राहिलं, हे त्यात नाही.

समुद्रपातळीबाबत तर फारच जपून. १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली, पण बंदरावरचं मोजमाप पाणी आणि जमीन यांच्यातलं अंतर दाखवतं. जमीन खचली तरी पाणी वाढल्यासारखंच दिसतं. भरतीमापनाच्या जुन्या नोंदी एका आंतरराष्ट्रीय संग्रहात मोफत आहेत. अ‍ॅमस्टरडॅमची मोजणी १७०० सालापासूनची, आपल्या मुंबईतल्या अपोलो बंदरची १८७८पासूनची. भारतातलं तापमान आणि पाऊस हवा असेल तर पुण्यातच हवामान खात्याचा संग्रह आहे. तिथल्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२० साली केलेला भारतावरचा अहवालही आधी वाचण्यासारखा आहे.

पायरी ५: प्रत्येक कारणाला वेगळं पान

खुलन्याच्या शेतात मीठ आलं. का? वहीत एकेका कारणाला एकेक पान द्या. समुद्र चढतोय, हे एक पान. १९७५पासून भारतातल्या, गंगेवरच्या फराक्का बंधाऱ्यामुळे कोरड्या दिवसांत वरून येणारं गोडं पाणी घटलं, दुसरं पान. १९८०नंतर निर्यातीच्या कोळंबीसाठी मुद्दाम शेतात खारं पाणी घेतलं, तिसरं. बांधांमुळे नद्या गाळाने भरल्या, चौथं. प्रत्येक पानावर त्या कारणाच्या बाजूचा आणि विरुद्धचा पुरावा लिहा. शेवटी जर पहिलं पानच सर्वांत जाड निघालं, तर तसं म्हणा. सुरुवातीलाच ठरवून टाकू नका. 'हवामान बदलामुळे' हा शब्द स्थानिक कोळंबीवाल्याला आणि सरकारला, दोघांनाही सोयीचा असतो.

उलट बाजूचाही एक दाखला ठेवा. तुवालूची बेटं बुडणार हे आपण शाळेपासून ऐकतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९७१ ते २०१४ची हवाई आणि उपग्रहाची चित्रं तपासली, तर एकूण जमीन २.९ टक्क्यांनी वाढलेली निघाली. लाटा प्रवाळाची वाळू किनाऱ्यावर आणून टाकतात, त्यामुळे बेटं सरकतात, आकार बदलतात. याचा अर्थ तुवालूला धोका नाही असा होत नाही. गोड्या पाण्याचं काय, घरं कुठे आहेत, पातळी आणखी वेगाने वाढली तर काय, हे प्रश्न उरतातच. तुमच्या मताला न मानवणारा असा एक तरी कागद फाइलमध्ये असू द्या.

पायरी ६: उपायाची गोष्ट जन्मापासून वाचा

माझा सगळा जोर या पायरीवर आहे. उपायाचा फोटो बघू नका, त्याचं वय विचारा. तो कशातून जन्मला, कुठे बिघडला, मग काय केलं.

डच गोष्ट अशी. ३१ जानेवारी ते १ फेब्रुवारी १९५३च्या रात्री उत्तर समुद्राच्या वादळात नैर्ऋत्येचे बांध फुटले, १,८३६ माणसं गेली. मग खाड्यांची तोंडं बंद करण्याचं अवाढव्य काम सुरू झालं. त्यातली ओस्टरस्केल्डे ही खाडी कायमची बंद करायची ठरली होती. कालवं-शिंपल्यांवर जगणारे कोळी आणि निसर्गप्रेमी आडवे आले, कारण आतलं पाणी गोडं झालं असतं. शेवटी बेत बदलला आणि १९८६ साली तिथे ६२ पोलादी दारांचा अडसर उभा राहिला. एरवी उघडा, वादळात बंद. मानसवाल्या खाजणकरांना ही कल्पना नवी वाटणार नाही.

पुढे १९९३ आणि १९९५ साली पाणी मागच्या दाराने, नद्यांतून आलं. १९९५ला अडीच लाख माणसं हलवावी लागली. तेव्हा बांध आणखी उंच करण्याऐवजी नदीला जागा परत द्यायची असं ठरलं. तीसहून जास्त ठिकाणी, सव्वादोन अब्ज युरोंच्या आसपास खर्चून, बांध मागे घेतले, पात्रं रुंद केली. नायमेखनसमोर वाल नदीचा बांध ३५० मीटर आत सरकवला, त्यासाठी पन्नासेक घरं उठवली. म्हणजे शतकानुशतकं पाण्याला बाहेर ठेवणाऱ्या देशाने काही जागी पाण्याला आत घेतलं.

आता बंगाल. १९६०च्या दशकात, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, परदेशी पैशाने आणि डच धर्तीवर किनाऱ्याला पोल्डर घातले गेले. आज ते १३९ आहेत. सुरुवातीला भात भरघोस आलं. पण गंगा-ब्रह्मपुत्रा वर्षाला सुमारे शंभर कोटी टन गाळ आणतात. पूर्वी तो भरतीबरोबर शेतात पसरायचा आणि जमीन समुद्राबरोबर वर येत राहायची. बांधांनी ती वाट अडवली. गाळ नदीतच बसला, पात्रं उथळ झाली; आतली जमीन मात्र दबत गेली. १९८०च्या दशकापर्यंत नदी शेतापेक्षा उंच, आणि पावसाचं पाणी बाहेर पडायला वाटच नाही. २०१५च्या एका अभ्यासाने खुलन्यातला ३२ नंबरचा पोल्डर मोजला. बाहेरच्या पातळीच्या मानाने तो मीटर-दीड मीटर खाली गेला होता, आणि शेजारचं बांध नसलेलं सुंदरबन जवळपास होतं तिथेच होतं. २००९च्या आयला वादळात हा पोल्डर फुटला आणि दोन वर्षं भरतीखाली राहिला. माणसांचे हाल झाले, पण तेवढ्यात कित्येक दशकांचा गाळ आत बसला.

हे गावकऱ्यांना शास्त्रज्ञांच्या आधी कळलं होतं. १९९० साली बिल डाकातिया इथे लोकांनी परवानगी न घेता बांध फोडला. १९९७ साली भायना बिलात तेच. तिथे भरतीला चार वर्षं आत येऊ दिलं, जमीन मीटरभराच्या आसपास वर आली, आणि जाता-येता पाण्याने नदीही खणून खोल केली. पुढे सरकारने हीच रीत अधिकृत केली. बंगालीत तिला 'जोआराधार' म्हणतात.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. बांधाचा नमुना देणारा देश आणि तो घेणारा देश, दोघेही एकाच वळणावर आले, पाण्याला जागा द्या. तक्त्यात दोघांपुढे 'बांध' एवढंच लिहिलं असतं तर हे दिसलं नसतं. पण इथे थांबलात तर गोष्ट फार गोड होते. आता उपायाच्या पायाखालचे चार दगड उचलून बघा.

जमीन कोणाची? पैसा कोणाचा? दुरुस्ती कोणाची? फसलं तर कोण भरतो?

नेदरलँड्समध्ये २१ जलमंडळं आहेत. त्यांची मुळं तेराव्या शतकातली. ती निवडणुकीने बनतात आणि स्वतःचा कर गोळा करतात. घर उठवलं तर भरपाई देणारी तिजोरी आहे. खुलन्याच्या बिलात ज्याचं शेत चार वर्षं पाण्याखाली द्यायचं, तो त्या चार वर्षांत खाणार काय? भरपाई आहे, पण ती मिळवायला जमिनीचे कागद लागतात, आणि खंडाने कसणाऱ्याकडे ते नसतात. पुढे काही बिलांत लोकांनीच या योजनेला विरोध केला, त्याचं मूळ इथे आहे. गाळाचं शास्त्र बरोबर होतं, सातबारा आडवा आला. सातबारा हा आपला शब्द. पण दुखणं तेच.

इथेच ताळ्याची जागा कामी येते. खाजणांचे बांध शतकानुशतकं गावकरी संस्थेने राखले. कूळकायद्यानंतर ती जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली. मानशीजवळच्या मासळीचा लिलाव होतो, त्यातून चांगला पैसा येतो, आणि भातापेक्षा मासळी फायद्याची झाली की खारं पाणी आत ठेवायचा मोह होतो. खुलन्याची कोळंबी आठवली ना? मला तरी तो भाग नकाशापेक्षा खाजणावरून लवकर समजला.

पायरी ७: जाता येत नसेल तर

बहुतेकांना येत नाही. गूगल अर्थच्या टाइमलॅप्समध्ये १९८४पासूनची उपग्रहचित्रं वर्षावार सरकवून बघता येतात. खुलन्याची हिरवी शेतं काळपट तळी होताना त्यात दिसतात. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची १० मीटर बारकाव्याची चित्रं २०१५पासून फुकट आहेत. एकच पोल्डर निवडा, दर पाच वर्षांचं एक चित्र छापून भिंतीवर लावा. सॉफ्टवेअर शिकण्याच्या मागे लागू नका, ते नंतर.

माणसांशी बोलायचं असेल, दूरध्वनीवर का होईना, तर 'हवामान बदललंय का हो?' असं विचारू नका. समोरचा 'हो' म्हणणारच, टीव्हीवर तेच ऐकलेलं असतं. आठवणीला खुंटी द्या. कोकणात विचारायचं तर 'निसर्ग वादळाच्या वर्षी विहीर किती दिवस खारट होती? त्याआधी कधी झाली होती?' असं. नाव लिहिण्याआधी परवानगी घ्या, आणि पुन्हा फोन करून आपण काय लिहिलं ते वाचून दाखवा. दोनदा तरी तुमची चूक तिथेच सापडेल.

पायरी ८: लिहून काढा

दोन हजार शब्द, एक नकाशा, एक आलेख. पहिल्या वाक्यात उत्तर, मग ते कशावरून. प्रत्येक आकड्यापुढे साल घाला आणि तुम्ही तो कधी पाहिला ती तारीख वहीत ठेवा. जे कारण तुम्हाला वेगळं काढता आलं नाही, ते तसं स्पष्ट लिहा. वाचकाला त्याचा राग येत नाही. 'भारताने यातून काय शिकावं' असा परिच्छेद लिहायची उबळ येईल. चार दगडांची उत्तरं दोन्ही देशांसाठी भरली असतील तरच लिहा.

आणि जमलं तर काम सुरू करण्याआधीच एक दिवस गोव्यात किंवा कोकणात बांधावर जाऊन या. भांगाच्या दिवसांत जाऊ नका, पाणी फारसं हलत नाही. अमावस्या किंवा पौर्णिमेच्या मागेपुढे, उधाणाला जा. भरतीचं वेळापत्रक आधी बघा आणि पाणी फिरायच्या अर्धा तास आधी मानशीपाशी उभे राहा. ओहोटीला आतलं पाणी दारं ढकलून बाहेर पडत असतं. मग ते मंदावतं, क्षणभर थबकतं, आणि खाडीचं पाणी चढू लागलं की तीच दारं कोणी हात न लावता आपोआप मिटतात. किती वाजता मिटली ते वहीत लिहा. ती तुमची पहिली नोंद.